चोपन्न सामन्यांतले तीन

१

गुरुवारी सकाळी सव्वासातला सिया दार न वाजवता मावशीच्या खोलीत शिरली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मीनाक्षीच्या लक्षात आलं.

"मावशी, वाच हे." सियाने फोन पुढे केला. "आय अ‍ॅम डन. संपलं सगळं."

कॅल्डर गावच्या छोट्याशा वर्तमानपत्राची वेबसाइट होती. मथळा होता : ‘मतदान उद्या, निर्णय आधीच!’ खाली एका छापील कागदाचा फोटो. बारा कॉलेजांची नावं, नऊ शनिवार, चोपन्न सामने आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘२० नोव्हेंबर : अंतिम सामना’.

मीनाक्षी अडुसष्ट वर्षांची. स्फटिकांत अणू कसे बसलेले असतात हे मोजण्यात तिची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या घरातून आठवडाभरासाठी ती मिशिगनमधल्या नोव्हायला भाचीकडे आली होती. अमेरिकन फुटबॉलबद्दल तिला एवढंच माहीत होतं, की तो शनिवारी खेळतात आणि त्यात हेल्मेट लागतं. पण सियाच्या नोकरीमुळे आठवड्यात बरंच कानावर पडलं होतं. मिशिगन आणि आसपासची दहा छोटी कॉलेजं आपापसांत फुटबॉल खेळतात. त्यांच्या संघटनेचं नाव थ्री लेक्स कॉन्फरन्स. सिया तिची कमिशनर, म्हणजे कारभार पाहणारी. पद मिळून दोन वर्षं झाली होती.

उद्या, शुक्रवारी, तीन वाजता दहा कॉलेजांचे प्रेसिडेंट मत देणार होते. आणखी दोन कॉलेजं घ्यायची का, आणि हंगामाच्या शेवटी विजेतेपदाचा एक वेगळा सामना ठेवायचा का? ठरावाला सात मतं लागणार होती.

"मतदान होईपर्यंत वेळापत्रक करायचं नाही, असं प्रेसिडेंट्सनी सांगितलं होतं," सिया पलंगाच्या कडेला बसली. "पण उद्या कुणीतरी विचारणारच, की हे जमतं तरी का? उत्तर हातात असावं म्हणून मी पुढच्या वर्षीच्या हंगामाचा एक ड्राफ्ट करून घेतला. गुपचूप. फक्त चार कॉपीज होत्या."

"कुणाकडे?"

"एक माझ्याकडे. एक राजीवकाकांकडे, त्यांनीच बनवला. एक हँक ब्रूअरकडे, कॅल्डर कॉलेजचा क्रीडा संचालक, त्याला बारा टीम्स हव्यात. आणि एक डोरोथी लिंडक्विस्टकडे. ती नॉर्थ पाइनची प्रेसिडेंट आणि या दहा प्रेसिडेंट्सच्या काउन्सिलची चेअर. तिला बारा नकोत. तिला सांगितल्याशिवाय मला करताच आलं नसतं."

"आणि बाकीचे नऊ?"

"त्यांना आज पेपरातून कळलं." सियाने डोळे पुसले. "उद्याच्या अजेंड्यावर पहिला आयटम, कमिशनरला ठेवायचं की नाही. मावशी, कुणी केलं हे मला उद्या तीनपर्यंत सांगता आलं नाही, तर मीच केलं असं धरतील."

मीनाक्षीने चष्मा चढवला. "तुझा कागद आण. आणि राजीवकडे जायचंय, अंघोळ कर."

२

राजीव नोव्हायमध्येच, चार गल्ल्या पलीकडे राहत. कोणता सुटा भाग कोणत्या मिनिटाला मोटार-कारखान्यातल्या जुळणीच्या कोणत्या ओळीवर पोचायला हवा, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. आता ते हौसेने कॉन्फरन्सचं वेळापत्रक बनवत.

"प्रत्येक टीमला होम गेम, म्हणजे आपल्या मैदानावरचे सामने, चार किंवा पाच," ते बोटांवर मोजत सांगू लागले. "कुणाला सहा नाही, कुणाला तीन नाहीत. हे एकदा बिघडलं की मीनाक्षीताई, ही शिकलेली माणसं नळावरच्या बायकांसारखी भांडतात."

"अहो, नळावर तुम्ही कधी गेला होता?" आतून रेखाकाकूंचा आवाज आला.

"आणि अंतिम सामना कशाला?" मीनाक्षीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सोपं आहे. दहा टीम्स, नऊ शनिवार. प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. वर राहील तो विजेता. बारा केल्या की प्रतिस्पर्धी अकरा, शनिवार मात्र नऊच. म्हणजे प्रत्येकाचे दोघं जण न भेटताच राहतात. मग दोन गट पाडायचे आणि दोन्हींचे पहिले शेवटी भिडवायचे."

"म्हणजे दुखणं आपणच आणायचं आणि अंतिम सामना हे त्यावरचं औषध?"

राजीव हसले. "तुम्ही तर डोरोथीच्या पार्टीत गेलात!"

रेखाकाकू थालीपिठं घेऊन आल्या. त्या तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि ते त्यांच्या चालण्यातही दिसत असे. "सिया, खा गं, तोंड बघ केवढंसं झालंय. आणि मीनाक्षी, पुढच्या वर्षी दिवाळीला इकडेच यायचं. कॅल्डर कॉलेजचं सभागृह पुन्हा मिळालंय आपल्याला! दीड वर्ष आधी धरावं लागलं, पण मिळालं. सहाशे माणसं होतील. तुला सूत्रसंचालन देऊ का?"

"मला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत," मीनाक्षी म्हणाली.

"मग तू आमच्या कमिटीत अगदी शोभशील. तिथे कुणाला दोन वाक्यं सलग बोलायला मिळतच नाहीत."

सियाने वर्तमानपत्रातला फोटो राजीवकाकांपुढे धरला. बातमी त्यांनी ऐकली होती, फोटो पाहिला नव्हता. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, खालपर्यंत नेला.

"माझंच आहे," ते म्हणाले. फोन परत दिला. मग चहा निवला म्हणत कप उचलले आणि स्वतःच गरम करायला आत गेले.

गाडीत बसल्यावर सिया म्हणाली, "काका किती अपसेट झाले, पाहिलंस?"

"पाहिलं," मीनाक्षी म्हणाली. "मघाशी ते चाळीस मिनिटं बोलत होते. फोटोबद्दल दोनच शब्द बोलले."

३

सियाच्या जेवणाच्या टेबलावर मीनाक्षीने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे सियाकडचा मसुदा, उजवीकडे छापून काढलेला फोटो. पट्टी घेऊन ती एकेक ओळ खाली सरकवू लागली. सियाच्या मते हा वेळेचा अपव्यय होता. "मावशी, सेम आहेत गं. सगळ्यांनी पाहिलंय."

"सगळ्यांनी आपापल्या कॉलेजची ओळ पाहिली असेल. दोन कागद कुणाजवळ होते?"

पन्नास मिनिटांनी तिने पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या.

एक्कावन्न सामने तंतोतंत तेच होते. तीन वेगळे. २५ सप्टेंबरचा वेक्सली आणि कॅल्डरचा. १६ ऑक्टोबरचा नॉर्थ पाइन आणि वेक्सलीचा. १३ नोव्हेंबरचा कॅल्डर आणि नॉर्थ पाइनचा. जोड्या त्याच, तारखा त्याच. फक्त मैदान उलटं झालेलं. सियाच्या कागदात १३ नोव्हेंबरचा सामना कॅल्डरला होता, फोटोत तो नॉर्थ पाइनला होता.

"टायपो," सिया म्हणाली. "कुणीतरी रीटाइप केलं असेल."

मीनाक्षीने एका पाकिटाच्या मागे तीन टिंबं काढली, तीन कॉलेजांची. पाहुणा संघ ज्या गावी जातो तिकडे बाण. त्रिकोण झाला. नॉर्थ पाइनहून कॅल्डरला, कॅल्डरहून वेक्सलीला, वेक्सलीहून नॉर्थ पाइनला. "हा तुझा मसुदा. आता तिन्ही बाण उलटे कर. प्रत्येक गावाकडे किती बाण येतात?"

"एक."

"आधी किती येत होते?"

सिया थांबली. "एकच."

"एखादी चूक झाली असती तर एकाचा होम गेम वाढला असता, दुसऱ्याचा कमी झाला असता. इथे तिन्ही बदल एकमेकांना सांभाळून घेतात. चुका इतक्या समजूतदार नसतात, सिया. हे कुणीतरी विचार करून केलंय. त्याला एक सामना हलवायचा होता आणि तो हलवल्यावर बाकीचा तोल राखायचा होता."

"पण दुसरा ड्राफ्ट नाहीच आहे, मावशी! एकच होता."

"आहे ना. त्याचाच फोटो छापून आलाय," मीनाक्षी म्हणाली. "आणि तो तुझ्याकडे कधी आलेलाच नाही."

४

हँक ब्रूअर कॅल्डरच्या मैदानावर भेटला. दारातून आडवं जावं लागेल असा माणूस, तरुणपणी स्वतः खेळलेला. सियावर त्याचा राग नव्हता, सगळ्या जगावर होता.

"डॉक्टर, मला सांगा," तो मीनाक्षीला म्हणाला, "ज्यांना आत घ्यायचंय त्या दोन कॉलेजांची जुनी कॉन्फरन्स मोडलीय. आपण घेतलं नाही तर त्यांचा फुटबॉल बंद. प्रत्येकी शंभर पोरं. आणि आपल्या दहांतले दोन डळमळताहेत. उद्या आपण आठ उरलो, तर आपल्याला कोण घेणार?"

"आणि अंतिम सामना?"

त्याचा आवाज उतरला. "मी वीस वर्षं कोच होतो. ‘आज ठरणार’ म्हणून सगळं गाव उठतं, असा एक दिवस माझ्या पोरांना कधी मिळाला नाही. आमच्याकडे विजेता ठरतो तो गुणांच्या तक्त्यात. कधीकधी तर बसमध्ये परत येताना, दुसऱ्या कुणाच्या हरण्याने."

मीनाक्षीला हा मुद्दा सकाळपासूनच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार वाटला. तिने तो मनात नोंदवला आणि फोटोतल्या १३ नोव्हेंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

हँकने वाचलं. त्याचे कान लाल झाले. "आम्ही नॉर्थ पाइनला? शेवटच्या शनिवारी? शक्य नाही! तो आमचा सीनियर डे. शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांचा हात धरून मैदानावर येतात. तो घरचाच हवा." त्याने ऑफिसात जाऊन खणातून आपली प्रत आणली. ती सियाच्या कागदासारखीच होती. "हे बदललं कुणी? फायदा कुणाला झाला ते बघा. होम गेम कुणाला मिळाला? डोरोथीला!"

गाडीपर्यंत तो सोडायला आला. मोठं पार्किंग ओलांडताना जरा निवळला. "गेल्या वर्षी तुमच्या लोकांचा सण सभागृहात आणि आमचा सामना इथे, एकाच दिवशी. मिनीव्हॅन सरावाच्या मैदानापर्यंत लागल्या होत्या. माझे तीन कोच मैलभर चालत आले." मग पोटावर हात ठेवला. "पण त्या बायकांनी मला ते गोल, गोड, पिवळं काहीतरी दिलं. त्यासाठी मी स्वतः चालत गेलो असतो."

"बेसनाचे लाडू," मीनाक्षी म्हणाली.

सियाने गाडी सुरू केली. "म्हणजे डोरोथीच. ती अगेन्स्ट आहे, लीकमुळे सगळं बारगळतं, आणि वर होम गेम मिळतो. मावशी, इट फिट्स."

"बसतंय खरं," मीनाक्षी म्हणाली. "फार चटकन बसतंय."

५

डोरोथी लिंडक्विस्ट बैठकीसाठी आठ तास गाडी चालवून आदल्या दिवशीच आली होती. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये ती विणकाम करत बसली होती. सडपातळ, पांढऱ्या केसांची, हात न थांबवता बोलणारी.

"मी विरोधात आहे आणि उद्याही राहीन," ती म्हणाली. "आज आमची पोरं नऊच्या नऊ संघांना भेटतात, नऊ जणांचा मार खातात किंवा देतात. शेवटी जो जिंकतो त्याने सगळ्यांना पाहिलेलं असतं. बारांत ते राहणार नाही. शिवाय थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या तोंडावर अजून एक सामना, अजून सोळा तास बस, परीक्षा डोक्यावर. पण सिया, विरोध करायला मला चोरवाट लागत नाही."

सियाने फोटोतली १३ नोव्हेंबरची ओळ दाखवली.

डोरोथीने वाचलं. सुया खाली ठेवल्या. आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आमच्याकडे? तेराला? अगं, पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो! वार कुठलाही असो, तारीख पंधराच. त्याआधीच्या शनिवारी आमचं गाव ओस असतं. बाजूला दहा यार्डांची मापाची साखळी धरून उभी राहतात ना, ती आमची तिघं माणसं, तिघंही सख्खे भाऊ, तेव्हा जंगलात तंबू ठोकत असतात. तिकिटं घेणारा जंगलात, अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारा जंगलात. मी सामना ठेवला तर पाहायला फक्त हरणं येतील. तीच त्या दिवशी गावात सुरक्षित असतात."

"तुमच्या हातात मसुदा आला तेव्हा..."

"मी सगळ्यात आधी तीच तारीख पाहिली. आम्ही कॅल्डरला होतो, म्हणून गप्प बसले." तिने प्रत पर्समधून काढून टेबलावर ठेवली. ती सियाच्या प्रतीसारखीच होती. "ज्याने हे बदललं त्याला उत्तरेतलं काही माहीत नाही. मिशिगनमध्ये राहत असेल, पण शहराकडच्या मिशिगनमध्ये."

बाहेर आल्यावर सिया गाडीला टेकून उभी राहिली. "डोरोथी नाही. हँक नाही. आज गडबडीत लक्षात आलं नाही, पण मी स्वतः ऑफिसच्या कॅलेंडरवर पंधरा नोव्हेंबरला लाल गोल करून ठेवलाय, म्हणून मीही नाही. पण हे उद्या त्या दहा जणांना कोण पटवणार?"

"तू चारच माणसं सांगितली होतीस," मीनाक्षी म्हणाली. "तीन मोजलीस."

सिया गाडीपासून दूर झाली. "राजीवकाका? कमॉन, यार. का करतील ते?"

"का, ते आधी ठरवू नकोस. काय झालं ते बघ. त्रिकोण उलटवून तोल राखणं कुणाला सुचेल? ज्याची सवयच ती आहे त्याला. हरणांची तारीख कुणाला माहीत नसेल? तीस वर्षं नोव्हायमध्ये राहून शिकारीच्या वाटेला न गेलेल्या माणसाला. आणि आज दिवसभर ज्याला ज्याला तो फोटो दाखवला, तो हे कुणी केलं असेल याबद्दल बोलला. एकटा राजीव बोलला नाही."

"पण तेरा नोव्हेंबरला कॅल्डरमध्ये मॅच असली काय नि नसली काय, काकांना काय फरक पडतो?"

"त्यांना नसेल पडत. त्या पार्किंगमध्ये सहाशे माणसांच्या गाड्या लावायच्या आहेत अशा कुणाला तरी पडेल."

सियाने भुवया वर केल्या. "रेखाकाकू? मावशी, पुढच्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्ये आहे. मी ऑलरेडी सुट्टी टाकलीय."

"ती पंचांगातली," मीनाक्षी म्हणाली. "मंडळाची दिवाळी पंचांगावर नसते गं. सभागृह मिळेल त्या शनिवारी असते. आमच्या मिनेसोटात एकदा आम्ही थँक्सगिव्हिंगनंतर अभ्यंगस्नानाची गाणी म्हटलीयत, बाहेर फूटभर बर्फ."

६

शुक्रवारी सकाळी नऊला राजीवनी दार उघडलं. सियाबरोबर दारात उभ्या मीनाक्षीच्या हातातलं ते पाकीट, त्यावरचा त्रिकोण, हे पाहून ते बाजूला झाले.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"पन्नास मिनिटं. तुम्हाला?"

"फोटो ओळखायला? दोन सेकंद." ते खुर्चीत बसले. "सहावा ड्राफ्ट सियाला पाठवला. मग हिचं सुरू झालं, तेरा तारखेला मॅच आणि दिवाळी एकत्र, गेल्या वर्षीसारखा गोंधळ होणार. मी सातवा केला. तीन सामने फिरवले, एक्कावन्न जागच्या जागी. इतकं नीट बसलं ना, की मलाच बरं वाटलं. सियाला नंतर सुचवणार होतो."

"तो बाहेर कसा गेला?" सियाने विचारलं.

"मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," दारातून रेखाकाकू म्हणाल्या. त्यांच्या हातात ओला टॉवेल होता. "मीच फोटो काढला. कमिटीच्या ग्रुपवर टाकला, ‘काळजी नको, तेराला मॅच नाही, पार्किंग आपलं.’ कमिटीतल्या कुणी मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर टाकला असेल. तिथे चारशे जण आहेत, त्यातल्या निम्म्यांची मुलं कॅल्डर कॉलेजातच. पण त्यात गुपित काय होतं? मॅचेसचं टाइमटेबल तर होतं! पेपरात आलेलं हेच आहे का?"

सियाने फोनवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. रेखाकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कालपासून माहीत होतं?"

"रेखा, मला वाटलं, मतदान झालं की मी सियाला एकटीला..."

"मतदान झालं की? तोवर पोरीची नोकरी गेली असती! मला वाचवायला निघाला होता? मी काय दरोडा घातलाय?" टॉवेल खुर्चीवर पडला. "मला विचारलं असतं तर कालच सांगून टाकलं असतं. काल थालीपीठ खात ही पोर इथे रडवेली बसली होती, आणि तुम्ही चहा गरम करत होता!"

राजीवकाकांचा चेहरा उतरला. "सॉरी, सिया," ते म्हणाले. "चुकलं माझं. फार चुकलं."

सियाने मान हलवली, पण डोळे वर केले नाहीत.

"बैठक किती वाजता?" रेखाकाकूंनी विचारलं. "तीन ना? मी येते. इंग्लिश माझं साधंच आहे, पण खरं सांगायला तेवढं पुरतं."

७

बैठकीच्या दाराबाहेरच्या बाकावर मीनाक्षी आणि राजीव बसले होते. दार अर्धवट उघडं होतं. आत लांब टेबलाभोवती दहा प्रेसिडेंट, कोपऱ्यात हँक, टोकाला सिया, आणि तिच्याशेजारी उभ्या रेखाकाकू.

त्या चार मिनिटं बोलल्या. दिवाळी, सभागृह, पार्किंग, फोटो, ग्रुप. "हिने कुणाला काही दिलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मी दिलं. मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण कागद माझा नव्हता, हेही खरं आहे."

आत कुजबुज झाली. एका प्रेसिडेंटने खाकरून म्हटलं, की म्हणजे कमिशनर निर्दोष, तेव्हा पहिला विषय काढून टाकू.

"नको," सिया म्हणाली.

बाकावर राजीव ताठ झाले. मीनाक्षीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"लीक मी केलं नाही," सिया सांगत होती. "पण तुम्ही करू नका म्हटलेलं वेळापत्रक मी करून घेतलं आणि तुमच्यापासून लपवलं. ते माझंच काम आहे. त्यावर जे ठरवायचं ते ठरवा."

मग डोरोथीची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"तिने मला विचारलं होतं," डोरोथी म्हणाली. "मी हो म्हटलं होतं आणि प्रतही घेतली होती. कालपासून मी ते कुणाला सांगितलं नाही. ठराव मांडायचा तर माझंही नाव घाला."

कुणी ठराव मांडला नाही. यापुढे कोणताही मसुदा दहाही जणांना एकाच वेळी पाठवायचा, असं इतिवृत्तात लिहायचं ठरलं. सियाच्या नावापुढे समज दिल्याची नोंद झाली. रेखाकाकू बाहेर आल्या, बाकावर नवऱ्यापासून हातभर अंतर ठेवून बसल्या आणि दार बंद झालं.

तास गेला. मतदान कसं चाललं असेल या विचाराने मीनाक्षीला बसवेना. आठवड्यापूर्वी जिला या खेळाचं काही वाटत नव्हतं, ती आता मनात हँकची आणि डोरोथीची बाजू आलटून पालटून तोलत होती. दोन्ही खऱ्या होत्या. पण त्या एकाच प्रश्नाबद्दल होत्या का? हँकचा जोर दोन कॉलेजांना वाचवण्यावर होता. डोरोथीचा जोर सगळ्यांनी सगळ्यांना भेटण्यावर होता.

दार उघडलं. सिया बाहेर आली. चेहऱ्यावर दमणूक होती आणि दोन दिवसांत न दिसलेला रंग.

"त्यांनी प्रश्न दोन भागांत तोडला," ती म्हणाली. "डोरोथीनेच सुचवलं. आधी, दोन कॉलेजं घ्यायची का? सात विरुद्ध तीन. घेतली. डोरोथीने ‘हो’ म्हटलं, मावशी! म्हणाली, दोनशे पोरांना दारात उभं ठेवून मी तत्त्व सांगणार नाही."

"आणि अंतिम सामना?"

"सहा विरुद्ध चार. एक मत कमी पडलं. हँक कोपऱ्यात बसलाय, कुणाशी बोलत नाहीये."

राजीव पुढे झुकले. "म्हणजे बारा टीम्स, शनिवार नऊ, आणि फायनल नाही? मग विजेता ठरवायचा कसा? न भेटलेले दोघंच वर आले तर?"

"तेच त्यांनी मला विचारलंय. पुढच्या महिन्यापर्यंत." सिया त्यांच्याकडे वळली. "काका, मला तुमची मदत लागेल. पण आता जे कराल ते आधी माझ्याकडे येईल, त्याच मिनिटाला दहाही जणांकडे जाईल, आणि किचन टेबलवर राहणार नाही."

"नाही राहणार," राजीव म्हणाले. रेखाकाकूंनी हातभराचं अंतर वीतभर केलं.

"होण्यासारखं नाही ते," राजीव पुटपुटले. "नऊ शनिवारांत अकरा जण बसत नाहीत. गणितच आहे."

मीनाक्षीने पर्समधून पेन्सिल काढली आणि बाकावर पडलेला बैठकीच्या कार्यक्रमाचा कागद कोऱ्या बाजूला वळवला. "सगळे बसत नाहीत, ते ठीक," ती म्हणाली. "पण कोणते दोन वगळायचे ते आधीच ठरवायची काय सक्ती आहे? पहिले सात शनिवार आत्ता ठरवा. शेवटचे दोन मोकळे ठेवा, आणि वर आलेल्यांतले जे एकमेकांना भेटले नसतील त्यांना तेव्हा भिडवा."

राजीवनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"होम गेमचा तोल जाईल," ते म्हणाले.

"किती जाईल?"

"ते काढावं लागेल."

"मग काढू," मीनाक्षी म्हणाली आणि तिने कागदावर बारा टिंबं काढायला घेतली. सिया दार ढकलून हँकला बोलवायला आत गेली.